मागच्या चाकांची हवा

भाऊजी, तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडत नाही. सगळे मऊ बोलतात. सुना "आत्याबाई, दोन घास तरी खा" म्हणत ताट पुढे सरकवतात. तुमचे दादा ओसरीवर बसून नुसते खाकरतात. धाकटी जाऊ तर माझ्याकडे बघतच नाही, बघितलं की तिला हुंदका येतो. मला आधार नको आहे. मला कुणीतरी "वैनी, तुमच्या डोक्यातली हवा आधी मोजून घ्या" असं म्हणायला हवं. तसं म्हणणारा एकच होता आणि त्याला चौघांनी ओढ्याकाठी पोचवून दिलं.

मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांची होते आणि तुम्ही आठ. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, दिराला 'तुमी' म्हणायचं, 'भाऊजी' म्हणायचं. म्हणून मी म्हणाले, "भाऊजी, तुमी नाक पुसून घ्या." सगळं घर हसलं आणि तुम्ही मला चिमटा काढलात. आपली ओळख तिथपासूनची. पुढे तुम्ही शाळेतून आलात की माझ्यापुढे पाटी टाकून मास्तर व्हायचात. मला शिकवावं म्हणून नाही, तर तुम्हाला हुकूम सोडायला घरात दुसरं लहान कुणी नव्हतं म्हणून. पण अक्षर आलं ते आलंच. आज हे लिहिते आहे ते त्याच अक्षरानं. वाचणारा मास्तर तेवढा उरला नाही.

तुम्ही हैदराबादेहून मोटार आणलीत तो दिवस आठवतो का? मायदेशी परत जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाची ती. दोन माणसांची, बिनछपराची, पुढे घोड्यासारखं लांब नाक आणि चाकांना सायकलीसारख्या तारा. दादांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अर्धीच आणली? बाकीची कुठं हाय?" तुम्ही म्हणालात, "दादा, ही शर्यतीची हाय. हिला बाकीची लागत न्हाई."

शर्यत व्हायची हिंगोलीला, जुन्या छावणीच्या मैदानावर. तिथे पूर्वी घोडे पळायचे, त्यांचा लांबट गोल फेरा मातीत तसाच राहिला होता. सुगी उरकली की आसपासचे चार-सहा हौशी मोटारवाले तिथे जमायचे आणि धुरळ्यात एकमेकांना शोधत फिरायचे. मैदानाला लागून सासूबाईंच्या बहिणीचं घर होतं, म्हणून आपण मुक्कामाला तिथे. मी देशमुखाची थोरली सून, गोषातली. गावात "औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललो" असं सांगून निघायचे. नागनाथाला मी परत येताना रस्त्यातूनच हात जोडायचे. त्या काळी मला वाटायचं, देव ते चालवून घेतो. आता वाटतं, त्यानं सगळं नीट ध्यानात ठेवलं होतं.

तुमच्या पहिल्या शर्यतीच्या सकाळी मी काय केलं ते तुम्ही आयुष्यभर पाहुण्यांना सांगत आलात. आता मीच सांगते, कारण तुमच्याइतकं चवीनं ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तेव्हाची मी म्हणजे दीडशहाणी. मला वाटे, मोटारीचं सगळं ओझं चाकांवर, म्हणजे चाक हाच तिचा खांदा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतो, मग हिचे काहून मळू नयेत? तुम्ही आंघोळीला गेलात तशी मी वाटीभर लोणी घेऊन परसात गेले आणि चारी टायर मायेनं चोळले. खळीखळीत बोट घालून चोळले. पुढच्या दिव्याशी तोंड नेऊन, बैलाच्या कानात सांगतात तसं, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये" हेसुद्धा म्हणाले. दिवा कान आहे असं मी धरून चालले होते.

पहिल्याच वळणावर मोटार कुंभाराच्या चाकासारखी गरगरली आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. सगळं मैदान हसलं. तुम्ही घरी आलात, टायरवरून बोट फिरवलंत, वास घेतलात.

"वैनी, हे लोणी कुणी लावलं?"

"म्या. बैलाला लावत न्हाई का?"

"मग शिंगं बी रंगवायची हुती!"

दुसऱ्या कुणी मला त्या दिवशी माहेरी धाडलं असतं. तुम्ही आत जाऊन हवा मोजायची पितळी नळी आणलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. "इतकी माया हाय ना चाकांवर? मग हे घ्या. आजपासून हवा तुमच्याकडं."

भाऊजी, मला आयुष्यात पुष्कळ मिळालं. दागिने मिळाले, मुलं झाली, नातवंडं बघितली. पण ते सगळं थोरल्या सुनेला मिळालं. ती नळी तेवढी मला मिळाली.

मग ती कनात. मैदानाच्या कडेला बैलांची दमणी सोडायची, तिच्या दांडीला कनात बांधून जमिनीपर्यंत सोडायची आणि आत मी. फेरा मारून आलात की मोटार पाठमोरी थेट कनातीला लावायचात. चाक गार व्हायच्या आत मोजलं तरच फेऱ्यातली हवा कळते, म्हणून मी कनातीखालून हात बाहेर काढून व्हॉलला नळी लावायचे. बाहेरच्यांना दिसायचा तो फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात. "देशमुखानं पडद्यातला मिस्त्री ठेवलाय" म्हणून लोक हसायचे. मला आत गुदगुल्या व्हायच्या. रबराचा तो जळका वास, बोटांना लागणारी ऊब. वाटायचं, अख्खी शर्यत माझ्या या दोन बोटांत आहे.

आणि अक्कल किती? तर एवढी. तुम्ही शिकवलं होतं, सकाळी सावलीत बावीस पौंड भरायची, म्हणजे फेऱ्यात तापून ती आपोआप सव्वीसवर येते. सव्वीस हा साहेबाचा आकडा. मी तो मंत्रासारखा पाठ केला होता. शेवटच्या फेऱ्यानंतर नळीचा दांडा एकोणतीस दाखवू लागला. मी म्हटलं, वाढली की! आणि फुस्सकन् चारी चाकांतली हवा सोडून सव्वीसवर आणली. गावाकडे निघालो. ऊन उतरलं, चाकं गार झाली, आतली हवा आखडली आणि खडीच्या रस्त्यावर मागची ट्यूब चिमटून फाटली. दमणीचे बैल मोटारीला जुंपून आपण गावात शिरलो. पारावरून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, मोटारीला कडबा चालतो जणू!" तुम्ही हात वर करून म्हणालात, "सरकी असली तर ती बी धाडा!" आणि माझ्याकडे वळून हळूच, "वैनी, तापलेली हवा खोटं बोलती. तिचं ऐकून कायमचं काही करायचं न्हाई. परत रस्त्याला लागायचं तर आधी भरून घ्यायची."

तुमचं हे म्हणणं मी मान्य केलं. तुमच्या बाजूनं मान्य केलेलं तेवढं एकच. बाहेरच्या चाकाचं मात्र मी सांगितलं होतं, विसरू नका. मैदानाचा फेरा एकाच अंगानं असतो, तेव्हा खळ्यात मळणीला जसा बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं तशी बाहेरची चाकं जास्त तापणार, त्यांच्यात सकाळी पौंडभर कमी ठेवा. तुम्ही मोजून बघितलंत आणि गप्प झालात. तुमचं ते गप्प होणं मी अजून जपून ठेवलं आहे.

राहिलं ते मागच्या चाकांचं भांडण.

वळणावर मोटारीचं ढुंगण फेकलं जायचं. बुजलेल्या गाईसारखी मागून फिरायची. तुमचं म्हणणं, मागच्या चाकांत दोन पौंड हवा कमी ठेवावी, म्हणजे रबर जमिनीवर मांडी घालून बसेल आणि धरेल. माझं म्हणणं, दोन पौंड जास्त ठेवावी, म्हणजे टायर बाजूला कलणार नाही.

"ढिल्या वहाणेत पाय सरकतो भाऊजी."

"आन् कडक वहाणेत फोड येतो."

"फोड परवडला. पडून दात गेलेले न्हाई परवडत."

"वैनी, तुमी कधी वळण मारलंय का? कनातीत बसून बोलायचं सोपं हाय."

हे एक वाक्य तुम्ही नेहमी शेवटाला राखून ठेवायचात.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, रबर तर बघायला मिळेना. मोटार गोठ्याशेजारी दगडांवर चढवून ठेवली. पण भांडण काही दगडांवर चढलं नाही. जेवताना तुम्ही पाटावर वाटी पालथी घालून वळण दाखवायचात, मी पापड आडवा धरून टायर दाखवायची. धाकटी वाढता वाढता म्हणाली होती, "तुमा दोघांला भांडायला मोटार लागत न्हाई, नुसती हवा पुरती." सगळे हसलो. किती वर्षं हसत होतो भाऊजी, आणि मला वाटत होतं की हे असंच असतं, घरोघर असतंच.

लढाई संपल्यावर तुम्ही खळ्यावर मला गाडी शिकवलीत. सारवलेल्या खळ्याच्या मध्ये तिवड्याचा खांब उभा आणि त्याच्याभोवती मळणीच्या बैलासारखी मी. पहिल्या दिवशी तिवडाच पाडला. तुम्ही म्हणालात, "झालं, मळणी संपली." मी आजी झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पदर दातात धरून मी मोटारीचं चक्र घट्ट धरलं होतं आणि मला शरम वाटेल इतका आनंद होत होता.

यंदा माघात तुम्ही कुठूनसं थोडं पेट्रोल मिळवलंत. दिवस धामधुमीचे. लोक गाठोडी बांधून हैदराबाद राज्याची सरहद्द ओलांडून वाशीमकडे जात होते, कुठली टोळी कधी लुटायला येईल याचा नेम नव्हता. शर्यत कसली भरते? पण तुम्ही म्हणालात, "वैनी, शर्यत नसू द्या. मैदान तर हाय. एकदाचा निकाल लावून टाकू. एक फेरा माझ्या हवेवर, म्या मारतो. एक तुमच्या हवेवर, तुमी मारायचा."

"म्या? मैदानात?"

"आता आज्जी झाल्या तुमी. गोषा कुणापासून?"

मी दादांकडे बघितलं. त्यांनी पानाला नीट चुना लावून घेतला. मग म्हणाले, "पदर चाकात जाऊ देऊ नका."

ही तुमच्या दादांची परवानगी. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर त्या क्षणी जितकी भाळले तितकी कधीच नाही. मला मैदान मिळणार होतं. कनातीबाहेरचं, स्वतःच्या हवेवरचं एक वळण. त्यानंतर तुमचं ते राखीव वाक्य कायमचं संपणार होतं. हरले असते तरी चाललं असतं. वळण मारून हरले असते.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही एकटेच मैदानावर जाऊन फेरा बघून आलात. गुरं हिंडून हिंडून तिथे शेणाचा नुसता रेंदा. घरी येऊन चाकाच्या तारा आवळताना एक तुटकी तार अंगठ्याच्या बेचक्यात शिरली. रक्त फारसं नाही. तुम्ही हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि म्हणालात, "पंप मारता येणार न्हाई वैनी. हात बरा झाला की जाऊ." मी रुसले. हो, रुसले. मला वाटलं, तुम्ही हरायला घाबरलात.

तुम्ही मैदानावर गेलात की मी देव पाण्यात घालायची, ठाऊक आहे तुम्हाला. तुम्ही परत येईपर्यंत तांब्यात बाळकृष्ण आणि खंडोबा बुडालेले. उलटून पडाल, कुणावर आदळाल, आग लागेल, सगळ्या मरणांसाठी मी देव पाण्यात घातले होते. तारेच्या ओरखड्यासाठी कोण देव पाण्यात घालतं?

आठवड्यानं आधी जबडा आखडला. तुम्ही म्हणालात, "सुपारी कडक हुती." मग मान. हिंगोलीहून डॉक्टर आले, बघितलं, आणि दादांना बाहेर घेऊन गेले. धनुर्वात. म्हणाले, खोलीत उजेड नको, आवाज नको, जरा खट्ट झालं तरी झटका येईल. मग आपल्या घरातला सगळा आवाज आम्ही काढून घेतला, भाऊजी. बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या. उखळ-मुसळ बंद. नातवंडं शेजारी पाठवली. मी बांगड्यांना चिंध्या गुंडाळल्या. ज्या हिरव्या बांगड्यांच्या हाताला सगळं मैदान हसलं होतं, तो हात मी आवाज न करता तुमच्या कपाळावर ठेवायची.

आणि बोलायचं नाही. हे मला सोसलं नाही. उभ्या जन्मात आपण एकमेकांशी बोलण्याशिवाय दुसरं केलं काय? आणि शेवटी, तुमचे दात मिटलेले आणि माझ्या शब्दानं तुम्हाला कमान यायची. एकदा मी न राहवून कुजबुजले, "भाऊजी," एवढंच. तुमचं अंग धनुष्यासारखं उचललं गेलं. त्यानंतर मी बोलले नाही. तुमचे डोळे तेवढे माझ्याकडे फिरायचे. शुद्ध लख्ख होती तुम्हाला, डॉक्टर म्हणाले की या दुखण्यात ती शेवटपर्यंत राहते. म्हणजे तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. काय होतं? धाकटीला सांभाळा म्हणायचं होतं? की "वैनी, रुसू नका, जाऊ आपण" म्हणायचं होतं? की मागच्या चाकांचंच? मी रात्रंदिवस ते डोळे समोर आणते आणि वाचायला जाते. मला अक्षर शिकवलंत, हे वाचायला नाही शिकवलंत.

देव तेव्हाही पाण्यात घातले होते. नुसते भिजले.

लोक म्हणतात, दिवस सरले की दुःख निवतं. मला नाही वाटत. धाकटीला निदान रडायचा हक्क आहे, तिचं कपाळ रिकामं झालं, जग तिच्याजवळ येऊन बसतं. थोरल्या भावजयीचं काय गेलं? दीर गेला. दिराचं सुतक फिटतं आणि भावजय पुन्हा चुलीशी लागते. तुम्ही माझे कोण होता, याला आपल्या भाषेत दीर याहून मोठा शब्द नाही. आणि तो शब्द मला आता अगदी तोकडा पडतो आहे. पहिला सवंगडी, पहिला मास्तर. मला माणूस समजून माझ्याशी हुज्जत घालणारा एकटाच. बाकीच्यांनी मला मान दिला.

तेरावं झालं आणि दादा म्हणाले, असल्या दिवसांत दारात मोटार दिसलेली बरी नव्हे, कुणाचीही नजर जाईल. हिंगोलीच्या एका जिनिंगवाल्याला ती देऊन टाकायचं ठरलं. आज सकाळी त्याचा ड्रायव्हर आला. भला माणूस, पांढरी दाढी, धाकटीला बघून त्यानं मान खाली घातली. मोटार दगडांवरून उतरवली. तो तिच्याभोवती फिरला आणि एकेका चाकाला पायानं लाथ मारून बघत गेला. थड्, थड्. "बराबर है," म्हणाला.

मी दाराआडून बघत होते. बघता बघता बाहेर आले. परक्या पुरुषासमोर, अंगणात, डोक्यावरचा पदर सावरत. दादा दचकले. मी म्हणाले, "भय्या, मागच्या चाकांत हवा दोन पौंड कमी ठेवा."

तुमचा आकडा सांगितला, भाऊजी. मला पटला म्हणून नाही, असा अर्थ घेऊ नका. माझं म्हणणं आजही तेच आहे. पण माझा आकडा सांगायला तुम्ही समोर लागता. तुम्ही नसताना जिंकले तर मी कुणाशी जिंकले? आणि तुमचा आकडा सांगायला या घरात आता माझ्याशिवाय कुणी नाही.

ड्रायव्हर अदबीनं हसला. "माँजी, ये तो सडक पे चलेगी. इसको क्या कम, क्या ज्यादा." आणि माझी खात्री पटावी म्हणून मागच्या चाकाला त्यानं आणखी एक लाथ घातली. मग बसला आणि गेला. वेशीजवळच्या वळणावर मोटारीचं मागचं अंग जरा फेकलं गेलं असेल किंवा नसेल. धुरळ्यात मला दिसलं नाही.

माणूस गेला तरी वरून बघत असतो, असं म्हणतात. धाकटीला मी रोज तेच सांगते, तिला झोप लागते. पण मला कळून चुकलं आहे की तुम्ही कुठेच नाही. असता, तर त्या लाथेला गप्प बसला नसता.